सासरचं पाणी माहेरी

आमच्या माहेरी दिवाळीत एक रीत आहे. सणाची पहिली आंघोळ अर्थातच सासरी होते, पण भाऊबीजेला गेले की आई नातवंडांना पुन्हा तेल-उटणं लावून आपल्या हातानं न्हाऊ घालते. घंगाळात कढत पाणी विसणलं, की त्यात एक तांब्या गंगेचं पाणी ओतायचं आणि मग पहिला तांब्या डोक्यावर. गंगा म्हणजे आमची गोदावरी. नाशिकपासून खाली काठाकाठानं राहणारे आम्ही सगळे तिला गंगाच म्हणतो. ‘गंगेवर जाऊन येते’ म्हटलं, की कुठे ते कुणी विचारत नाही. आईचा तो तांब्या पितळेचा, आजीच्या वेळचा. आदल्या संध्याकाळी चिंचेनं घासून लख्ख करायचा, घाटाच्या पायऱ्या उतरून भरून आणायचा आणि देवापाशी झाकून ठेवायचा, हे काम लहानपणी माझं होतं.

गेल्या भाऊबीजेला पाहिलं, तर तांब्या फळीवर कोरडा.

“आई, गंगेचं पाणी नाही आणलंस?”

“नळाचंच घेतलंय बाई. मागं तुझ्या धाकट्याच्या पाठीवर पुरळ उठलं होतं ना, तेव्हापासून मी नाही आणत. कशानं उठलं ते देव जाणे, पण जिवाला घोर नको.” आणि मग मुलीच्या केसांत तेल जिरवता जिरवता सहज म्हणाली, “तुमच्याकडूनच येतं ना ते पाणी.”

टोमणा नव्हता हो तो. माझ्या आईला टोमणे मारता येतच नाहीत. पण माझं माहेर निफाड तालुक्यातलं, सायखेड्याच्या पुढचं, अगदी नदीकाठचं. आणि मला दिलेली नाशिकला. नदी आधी माझ्या सासरावरून वाहते आणि मग माहेराला जाते. लग्नाला चौदा वर्षं झाली, माहेरी काय न्यायचं याचा विचार दर खेपेला केला. चिवडा, साड्या, भावाच्या मुलांना कपडे. पण मी रोज न चुकता माहेरी आणखी काय धाडते आहे, हे काही मनात आलं नव्हतं.

नाताळाच्या सुटीत मी ठरवलं, आपल्या मोरीतून जाणारं पाणी माहेरापर्यंत कसं जातं ते एकदा डोळ्यांनी पाहायचं. हे म्हणाले, “लोक सुटीत महाबळेश्वरला जातात, तू गटार बघायला चाललीस!” सासूबाईंनी मात्र न बोलता दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. बरोबर माझी दहा वर्षांची मुलगी.

सुरुवात केली ती रामकुंडापासून. सकाळचे सात वाजले होते. थंडी मी म्हणत होती, तरी कुंडात उतरणारे उतरतच होते. कुणी आईवडिलांच्या अस्थी घेऊन आलेलं, कुणी नवं लग्न झालेलं. पलीकडे दुतोंड्या मारुती. नाशिकचा पूर आम्ही याच्यावर मोजतो: पाणी मारुतीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, अशा बातम्या घरोघर पोचतात. तिथूनच नारोशंकराचं देऊळ दिसतं, १७४७ सालचं. त्याची घंटा वसईच्या किल्ल्यावरच्या विजयाची खूण. बुधवार असल्यामुळे घाटावर आठवडे बाजार मांडायची लगबग चालू होती. मेथीच्या जुड्या, लसणाचे ढीग, मातीचे तवे. मैत्रिणींनो, नाशिकला आलात तर बुधवारी सकाळी जरूर या. भाजी तर स्वस्त मिळतेच, पण हे शहर नदीभोवती कसं वाढलं तेही कळतं.

वर त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर उगम पावलेली ही नदी आंध्रात समुद्राला मिळेपर्यंत १४६५ किलोमीटर चालते. त्यातलं अगदी सुरुवातीचं पाऊल म्हणजे नाशिक. शहराच्या वर गंगापूरचं धरण आहे. आपल्या नळाला पाणी येतं ते मुख्यतः तिथून. म्हणजे नदीचं चांगलं पाणी आधी आपण वरच्यावर काढून घेतो, ते घराघरांत फिरतं आणि शहराच्या खालच्या अंगाला पुन्हा नदीत जातं. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडतात तेव्हा सगळं धुऊन निघतं. उन्हाळ्यात मात्र शहराच्या खाली नदीत जे वाहतं त्यात धरणाचं पाणी किती आणि आपलं वापरलेलं किती, याचा विचार केला तर अंगावर काटाच येतो.

हिशेब करायची मला सवय. शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे खडू हातात नसला तरी बोटं चालतात. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी लागतं असं धरून योजना आखतात, आणि त्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी होतं असं मानतात. आमच्या घरात माणसं पाच. म्हणजे रोज ५४० लिटर. पंधरा लिटरची एक कळशी धरली तर छत्तीस कळशा! एका घराच्या. २०११ च्या शिरगणतीत नाशिक शहराची वस्ती १४ लाख ८६ हजार होती. पुढचा गुणाकार तुम्हीच करा.

रामकुंडावरून आम्ही तपोवनात गेलो. इथे कपिला आणि गोदावरीचा संगम. लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं ते इथंच, म्हणून नाशिक, असं लहानपणापासून ऐकत आलो. वडापिंपळांची सावली दाट आहे. माकडं आहेत, चहाच्या टपऱ्या आहेत. काळ्या खडकांतून पाणी खाली उड्या घेतं. मुलीनं आधी टाळ्या वाजवल्या आणि मग नाकाला रुमाल लावला.

पुढे टाकळीला गेलो. समर्थ रामदासांनी बारा वर्षं तप केलं ते हे ठिकाण. नंदिनी आणि गोदावरीच्या संगमावर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ते जप करीत, अशी परंपरा सांगतात. गोमयाचा मारुती अजून तिथे आहे, मठ आहे, मन शांत होतं. पण नंदिनीला आता सगळे नासर्डीच म्हणतात आणि तिच्याकडे नाला म्हणूनच पाहतात. वाघाडीचं तेच, वालदेवीचंही फारसं वेगळं नाही. ज्या घरांच्या, वस्त्यांच्या नळ्या गटाराच्या मोठ्या वाहिनीला जोडलेल्या नाहीत, त्यांचं पाणी या ओढ्यांतून थेट नदीला येतं. कारखान्यांचाही वाटा आहेच. पण मी आले होते माझ्या मोरीतल्या पाण्याच्या मागावर, आणि ते जातं मलनिस्सारण केंद्रात.

शहराच्या खालच्या अंगाला अशी केंद्रं आहेत. त्यांतलं एक मी मागे शाळेच्या मुलांना घेऊन पाहिलं होतं. तिथल्या तरुण इंजिनिअरांनी त्या दिवशी मुलांना शिकवलं त्यापेक्षा जास्त मला शिकवलं. पाणी आत येतं तिथे आधी लोखंडी गजांच्या चाळण्या. त्यांत अडकलेल्या वस्तू पाहून माझी मान खाली गेली. प्लास्टिकच्या पिशव्या, शांपूच्या पुड्या, चिंध्या, लहान मुलांचे लंगोट, आणि आपण बायका जे कागदात गुंडाळून कुणाच्या नकळत टाकतो तेही. तिथे ते काही नकळत राहत नाही. एक माणूस दाताळ्यानं ते ओढून काढत होता.

मग वाळू-माती खाली बसवायचा हौद. त्यानंतर मोठं टाकं. या जुन्या पद्धतीत पाणी टाक्याच्या तळातून आत सोडतात आणि ते गाळाच्या जाड थरातून हळूहळू वर चढतं. त्या गाळात हवेशिवाय जगणारे कोट्यवधी जंतू असतात. ते घाण खातात आणि गॅस सोडतात.

“म्हणजे विरजणच की!” मी म्हटलं.

“अगदी बरोबर, बाई,” ते हसून म्हणाले. “विरजण जिवंत ठेवणं हेच आमचं काम. थंडीत तुमचं इडलीचं पीठ फुगत नाही ना, तसे आमचे जंतूही थंडीत मंदावतात. कुणी नाल्यात भलतंसलतं ओतलं तर मरतात. आणि भांडं लहान, दूध जास्त झालं, तर विरजण लागणार कसं?”

भांडं लहान कसं झालं तेही त्यांनी सांगितलं. नाशिकमधली अशी पहिली मोठी केंद्रं २००३ च्या सिंहस्थाच्या आगेमागे उभी राहिली. ही पद्धत तेव्हा निवडली कारण तिला वीज कमी लागते, आणि आपल्याकडे विजेचं रडगाणं कायमचं. २००१ मध्ये शहराची वस्ती होती १० लाख ७७ हजार. दहा वर्षांत ती चार लाखांनी वाढली, आणि त्यानंतर शहर कुठवर पसरलं ते आपण बघतोच आहोत.

शिवाय नियमही बदलले. पाणी किती घाण आहे हे मोजायचं एक माप आहे, त्याला बीओडी म्हणतात. पाण्यातली घाण खाऊन संपवायला जंतूंना किती प्राणवायू लागेल, त्याचा तो आकडा. आकडा मोठा तितकी घाण जास्त, आणि तितका माशांच्या वाट्याचा प्राणवायू कमी. घरातून निघालेल्या सांडपाण्यात हा आकडा साधारण लिटरमागे २०० ते २५० मिलिग्रॅम असतो. जुनी केंद्रं बांधली तेव्हा तो ३० पर्यंत खाली आणा, अशी अट होती. २०१९ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं ही अट १० वर आणायला सांगितलं. आणि नदीत माणसानं आंघोळ करायची तर हाच आकडा ३ च्या वर नको.

मी तो आकडा दोनदा विचारून घेतला. म्हणजे जुनं केंद्र अगदी मन लावून, त्याच्या काळच्या नियमाप्रमाणे चाललं, तरी त्यातून निघालेलं पाणी आंघोळीच्या पाण्याच्या दहापट घाण! पुढे नदीत भरपूर स्वच्छ पाणी असेल तर ते पातळ होणार. पण ते तर वर धरणात, आपल्या नळासाठी राखलेलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती शेतकऱ्याची लेक म्हणून मला पटकन कळली. सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद असतं, म्हणजे चक्क खत. ते काढून टाकायची सोय या जुन्या पद्धतीत नाही. शिवाय आपल्या कपड्यांच्या नि भांड्यांच्या साबणाचा फेस. पाणी उंचावरून खडकावर पडलं, की ताक घुसळल्यासारखा तो वर येतो.

तो फेस आम्ही या सहलीत पाहिला. एका ठिकाणी काठावर पांढरे ढीगच्या ढीग, वाऱ्यानं हलणारे. मुलगी म्हणाली, “आई, बर्फ!” मग जरा वेळानं, “की साबण?” मी म्हटलं, “साबण.” “कुणाचा?” यावर मी काय सांगणार? दशमी तशीच डब्यात राहिली.

दसक-पंचकपर्यंत नदीच्या कडेकडेनं जाऊन आम्ही दुपारची एसटी धरली. द्राक्षांच्या बागा, कांद्याची हिरवी वावरं, उसाच्या बैलगाड्या, सगळं कसं नजर निवावी असं. हा सगळा मुलूख या नदीच्या जिवावर उभा आहे. चांदोरी आणि सायखेडा ही दोन गावं नदीच्या दोन काठांना समोरासमोर. चांदोरीला नदीच्या पात्रातच जुनी दगडी देवळं आहेत. पाणी ओसरलं की ती वर येतात आणि मग लोक दर्शनाला गर्दी करतात. २०१९ च्या ऑगस्टात याच गावांत पुराचं पाणी घराघरांत शिरलं होतं.

पुलावर उतरून खाली पाहिलं, तर पाणी दिसेना. या काठापासून त्या काठापर्यंत हिरवंगार. एखाद्या नवख्या माणसाला वाटावं, काय छान शेत आहे! ती पाणवेल. नाशिकहून आलेलं खत खाऊन पोसलेली. तिच्याखाली ऊन पोचत नाही, वारा पोचत नाही. ती कुजली की उरलासुरला प्राणवायूही जातो. मासेमारी करणाऱ्या एक मावशी काठावर जाळं सोडवत बसल्या होत्या. म्हणाल्या, “पोरी, जाळ्यात मासा कमी नि पाला जास्त. दिवस पाला काढण्यातच जातो.”

संध्याकाळी घरी पोचलो. आई ओसरीवर वाटच बघत होती. हातपाय धुतले, चहा झाला आणि आम्ही तिघी घाटावर गेलो. माझी आजी, माझी आई आणि मी, तिघींनी ज्या दगडावर कपडे धुतले तो दगड तिथेच आहे. त्यावर शेवाळ चढलंय. आता तिथे कुणी धुणं आणत नाही. घाटाजवळच्या आमच्या विहिरीचं पाणीही आई पिण्याला घेत नाही, जार विकत घेते. वडील होते तोवर ते सकाळी सूर्याला अर्घ्य द्यायला या पायऱ्या उतरायचे. आई पायरीवर बसली आणि म्हणाली, “त्यांना मात्र शेवटपर्यंत नाही सांगितलं मी. वास यायचा, तर म्हणायचे पाऊस कमी झालाय यंदा.”

मी तिला फेस सांगितला, चाळण्या सांगितल्या, विरजणाची गोष्ट सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं रागावेल. ती म्हणाली, “अगं, तुम्ही तरी काय करणार? पाणी वापरल्याशिवाय संसार होतो का?”

दुसऱ्या दिवशी भावानं आम्हाला मोटरसायकलवरून नांदूर मध्यमेश्वरला नेलं. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा हा बंधारा आणि त्यामागचं पसरलेलं पाणी. २०२० साली याला रामसर स्थळाचा मान मिळाला, महाराष्ट्रातलं पहिलं. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची ती यादी. हिवाळ्यात दूरदूरच्या देशांतून पक्षी येतात. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, कितीतरी. मनोऱ्यावरून दुर्बिणीतून पाहताना मुलगी घरी यायचं नाव घेईना. मुलांना घेऊन डिसेंबर-जानेवारीत जरूर जा. पहाटे लवकर पोचा आणि भडक कपडे घालू नका, पक्षी बुजतात. पण तिथेही कडेला पाणवेलीचे तांडे दिसले. आणि पाणी काही तिथे थांबत नाही. पुढे ते पैठणला नाथसागरात जातं, छत्रपती संभाजीनगरच्या नळांना जातं. तिथेही कुणाच्या तरी लेकी-सुना भांडी घासत असतीलच.

परत आल्यावर घरात काही गोष्टी बदलल्या. तळणाचं उरलेलं तेल मोरीत ओतत नाही; बाटलीत साठवून देवळातल्या दिव्यांना देते. तेलकट कढई आधी रद्दी कागदानं पुसते, मग घासते. कपड्यांना पावडर मोजून घालते. डबल घातली म्हणून कपडे डबल स्वच्छ होत नाहीत, फेस तेवढा डबल होतो. खरकटं गाळून कुंड्यांना. आणि ‘ते’ कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून कचऱ्याच्या गाडीत, संडासात कधीच नाही. मुलीलाही आत्तापासून सांगून ठेवलंय.

पण खरं सांगू? एवढ्यानं नदी स्वच्छ होणार नाही, आणि तसं म्हणून तुमची फसवणूक करायची नाही. आपण बायकांनी साबण कमी वापरावा आणि जुन्या टाक्यांकडे मात्र कुणी बघू नये, हा कुठला न्याय? नाशिककरांनी २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली, तेव्हा कुठे हालचाल सुरू झाली. आता २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्तानं जुन्या केंद्रांची सुधारणा करायच्या योजना आहेत. ते काम साधूंच्या स्नानापुरतं न राहता पुढेही चालू राहायला हवं.

आमच्या भिशीत मी हा विषय काढला. आधी सगळ्या हसल्या, मग गप्प झाल्या, आणि शेवटी आम्ही अकराजणींनी सह्या करून आमच्या नगरसेवकांना तीन प्रश्न लिहून दिले. आमच्या गल्लीची नळी मोठ्या वाहिनीला जोडली आहे की नाल्यात सोडली आहे? वीज गेली तर सांडपाणी कुठे जातं? आणि केंद्रातून नदीत सोडलेल्या पाण्याचा बीओडी दर महिन्याला लोकांना दिसेल असा कुठे लावणार? तुमचंही गाव कुठल्या ना कुठल्या नदीवर असेल. हेच तीन प्रश्न तिथेही चालतील. पहिल्याचं उत्तर आम्हाला मिळालं: आमच्या गल्लीतली चार घरं नाल्याला जोडलेली निघाली. त्यांचं काम आता लागलंय. बाकीच्या दोन प्रश्नांसाठी आम्ही पुन्हा जाणार आहोत.

माहेराहून निघताना आईनं पिशवीत पापड-कुरडया भरल्या आणि वर तो पितळेचा तांब्या ठेवला.

“हा कशाला, आई?”

“तुझ्याकडेच असू दे. पाणी न्हाण्याजोगं झालं, की मला कळव. मग भरून आण.”

तांब्या आता माझ्या ओट्यावर आहे, सिंकच्या अगदी शेजारी. दर शुक्रवारी चिंचेनं घासते. अजून कोरडाच आहे.